बाळ-बाळंतीण खुशाल

महाड-पोलादपूरकडच्या एखाद्या घरातून मुंबईच्या जावयाला पहिला निरोप जातो तो बहुधा तीनच शब्दांचा असतो : बाळ, बाळंतीण खुशाल. हे शब्द कानी पडले की दोन्ही घरांच्या जिवावरचे ओझे उतरते. मग पुढली सारी चौकशी बाळाची. वजन किती भरले, रंग कोणाचा, नाक कोणाचे, बारसे केव्हा करावयाचे. बाळंतीण खुशाल आहे हे एकदा कळले ते कळले. त्या खुशालीत तिच्या टाक्यांची ठणक, ओटीपोटातील कळा, दगडासारखी झालेली छाती आणि मोडून गेलेली पाठ यांचा समावेश होतो की नाही, हे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. आणि तिने आपण होऊन सांगावे अशीही रीत नाही. ‘बायकांना हे चुकलेले नाही’ या एका वाक्यात ती चौकशी संपते.

परंतु वेदना ही केवळ सोसून संपणारी गोष्ट नव्हे. ज्या बाळंतिणीस दुखते तिला झोप येत नाही. ती कूस बदलावयास भिते, मग उठून चार पावले चालावयास भिते, आणि असे निश्चल पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो. टाके ओढतील म्हणून ती शौचास जाणे टाळते. त्यामुळे मलावरोध होतो आणि दुखणे दुप्पट होते. नीट बसता येत नाही म्हणून ती बाळाला घाईघाईने, अवघडून पाजते. बाळाच्या तोंडी दूध कमी येते, ते रडते, आणि त्या रडण्याचा दोष पुन्हा तिच्याच माथी बसतो. तेव्हा बाळंतिणीचे दुखणे कमी करणे ही तिची लाड पुरवण्याची बाब नसून आई व मूल या दोघांच्या प्रकृतीचा तो पाया आहे. आणि त्यातील पुष्कळसा भाग औषधाच्या बाटलीत नसून घरातील माणसांच्या हातात आहे.

महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या, दक्षिण टोकाला सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरातून उतरून पोलादपूरवरून महाडकडे वाहते. तेथील असंख्य घरांतील कर्ती माणसे मुंबईस नोकरीला, आणि लेकी-सुना कधी मुंबईत तर कधी गावी. पहिले बाळंतपण माहेरी, या चालीमुळे अनेक मुली सातव्या-आठव्या महिन्यात मुंबईहून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरांचा प्रवास करून गावी येतात. प्रसूती आता बहुतेक रुग्णालयात होते. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात उपचार विनामूल्य मिळतात. साध्या प्रसूतीनंतर तीन दिवस व शस्त्रक्रियेनंतर सात दिवसांपर्यंत जेवण मिळते, आणि घरी परतण्यासाठी वाहनाची सोयही त्यात आहे. परंतु वाहन रस्त्यापर्यंतच जाते. डोंगरउतारावरील वाडी, पाखाडीच्या पायऱ्या, ओले अंगण, आणि त्यापुढील सहा आठवडे यांची व्यवस्था आई, आजी, भावजय आणि ठरलेल्या दिवशी भेट देणारी आशा सेविका यांनीच पाहावयाची असते.

पावसाळ्यात ही व्यवस्था अधिकच अवघड होते. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुराने महाड शहर पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. अशा दिवसांत औषधाचे दुकान केवळ काही कोसांवर असूनही आवाक्याबाहेर जाते. म्हणून तिकडील घरांतून दिवस भरत आलेल्या मुलीला पावसाचा जोर होण्यापूर्वीच रुग्णालयाच्या जवळ आणून ठेवणे शहाणपणाचे. आणि प्रसूतीनंतर बिनऔषधी आराम कसा द्यावा याचे ज्ञान घरात असणे तितकेच शहाणपणाचे.

प्रथम दुखते काय, ते पाहू. प्रसूतीच्या वेळी सुमारे एक किलो वजनाचे असलेले गर्भाशय सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमांच्या आत येते. हे आकुंचन ज्या स्नायूंच्या जोरावर होते त्यांच्याच कळा पहिले दोन-तीन दिवस बाळंतिणीला जाणवतात. बाळ दूध ओढू लागले की मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून एक द्रव्य रक्तात उतरते. त्याने दुधाला पान्हा फुटतो आणि त्याच क्षणी गर्भाशयही आवळते. म्हणूनच पाजताना कळ येते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाळंतिणीला ती अधिक येते. ही कळ म्हणजे काही बिघडल्याचे चिन्ह नसून रक्तस्राव आटोक्यात राहत असल्याची खूण आहे, एवढे समजावून सांगितले तरी तिची अर्धी भीती जाते. आणि भीती गेली की वेदनाही काही अंशी उतरते. यावर साधा उपाय असा की पाजण्यापूर्वी लघवी करून यावे. भरलेले मूत्राशय गर्भाशयास वर ढकलते व कळा वाढवते. ओटीपोटावर कोमट शेक घ्यावा, अथवा साध्या प्रसूतीनंतर पोटाखाली मऊ उशी घेऊन थोडा वेळ पालथे निजावे. दीर्घ, सावकाश श्वास सोडीत राहिल्यास कळेचा भर ओसरेपर्यंत अंग ताठरत नाही.

दुसरे दुखणे टाक्यांचे. साध्या प्रसूतीत योनिमार्ग व गुदद्वार यांमधील नाजूक भाग कधी आपोआप फाटतो, कधी डॉक्टरांना छेद द्यावा लागतो. तेथे पहिले दोन-तीन दिवस सूज आणि ठणका असतो. या दुखण्यावर जो उपाय उपयोगी ठरला आहे तो आपल्या घरांतील रूढ समजुतीच्या नेमका उलट आहे, आणि म्हणूनच त्याचा नीट विचार व्हावयास हवा. तो उपाय म्हणजे थंडावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रसूतीपश्चात काळजीच्या मार्गदर्शनात, स्त्रीची इच्छा असल्यास अशा जागी बर्फाची किंवा गार पाण्याची घडी ठेवावी, असे सांगितले आहे. थंडीने तेथील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, सूज उतरते आणि वेदना वाहून नेणारे मज्जातंतू मंदावतात. आराम फार मोठा मिळतो असे नव्हे. पण मिळतो, आणि त्याला खर्च नाही.

येथे आजीबाईंचा आक्षेप ठरलेला : बाळंतिणीला गार लावावयाचे म्हणजे वाताला आमंत्रण! या आक्षेपाला हसण्याचे कारण नाही. प्रसूती होताच पुष्कळ स्त्रियांना हुडहुडी भरते, हे खरे आहे. रक्त आणि श्रम यांनी थकलेल्या शरीराला ऊब लागते, हेही खरे आहे. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळाव्यात. अंगावर गोधडी, पायांत मोजे, पिण्यास कोमट पाणी; आणि केवळ टाक्यांच्या जागी दहा ते वीस मिनिटे गार घडी. बर्फ कातडीला उघडा लावू नये, स्वच्छ फडक्यात गुंडाळूनच लावावा. ज्या वाडीत शीतपेटी नाही तेथे माठातील किंवा विहिरीतून नुकत्याच काढलेल्या पाण्याने स्वच्छ पिशवी भरून ती धुतलेल्या कोरड्या कापडात गुंडाळली तरी चालते. सारे अंग उबेत आणि दुखरी जागा तेवढी थंडाव्यात, असे सांगितले म्हणजे आजीबाईही सहसा विरोध करीत नाहीत.

पहिला दिवस-दीड दिवस उलटल्यावर उबेची पाळी येते. उष्णतेने स्नायू सैल पडतात व रक्ताभिसरण वाढते, हे महाडकरांना निराळे सांगावयास नको. सावित्रीकाठी सव येथे उन्हाळ्याची कुंडे आहेत आणि सांधे धरलेली माणसे तेथे जाऊन बसतात. मात्र बाळंतिणीने अशा सार्वजनिक कुंडात किंवा नदीत उतरू नये. अंगावरून जाणारा स्राव थांबून जखम भरेपर्यंत आत जंतू शिरण्याची भीती असते. तोच गुण घरच्या कटिस्नानात मिळतो. घासून धुतलेल्या रुंद टबात किंवा घंगाळात कोपराला सोसेल इतके कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटे बसावे, नंतर ती जागा न घासता मऊ कापडाने टिपून कोरडी करावी. लघवीच्या वेळी झोंबत असेल तर तांब्याने कोमट पाणी सोडीत लघवी करावी. बसताना एकदम टेकू नये. आधी मांड्या व पार्श्वभाग आवळून मग बसले म्हणजे टाके ओढत नाहीत. घडी चार-सहा तासांनी बदलावी आणि बदलण्यापूर्वी व नंतर साबणाने हात धुवावेत. व्हिएन्नातील डॉक्टर सेमेलवाइस यांनी १८४७ साली हात धुण्याची सक्ती केली तेव्हा त्यांच्या सूतिकागृहातील बाळंतज्वराचे मृत्यू झपाट्याने कमी झाले होते. त्या धड्याची गरज अजून सरलेली नाही.

शेक-शेगडीचा प्रश्न याहून नाजूक आहे. बाजेखाली निखारे, त्यांवर ओवा आणि बाळंतशोपा, वर बाळंतीण, आणि वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या बंद, हे चित्र कोकणात अपरिचित नाही. त्यातील ऊब चांगली आणि ओव्याचा सुगंध सुखाचा. परंतु कोंडलेल्या खोलीतील निखाऱ्यांतून एक विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. डोके जड होणे, मळमळणे आणि गुंगी येणे हे त्याचे पहिले परिणाम. पुढचा परिणाम मृत्यू. लहानग्या जिवाला तर नुसता धूरही अपायकारक. तेव्हा शेक सोडावयाचा नाही, निखारे मात्र खोलीबाहेर ठेवावयाचे. तव्यावर तापवलेली फडक्याची घडी किंवा कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी हेच काम करते. घडी आधी आपल्या मनगटावर लावून पाहावी. शस्त्रक्रियेच्या वेळी कमरेत दिलेल्या भुलीचा अंमल पुरता उतरेपर्यंत पायांना व कमरेला शेक देऊ नये. आणि पोटावरील छेदाच्या आसपासची कातडी पुढे बरेच दिवस बधिर राहते, त्यामुळे तेथे शेक देताना बाळंतिणीला चटका बसला तरी कळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

पोट बांधण्याची चाल फार जुनी आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकेच्या पोटाला स्निग्ध द्रव्य चोळून ते मोठ्या वस्त्राने वेष्टित करावे असे सांगितले आहे. आपल्याकडील या जुन्या ज्ञानाचा अभ्यास डॉ. आनंदीबाई जोशी यांनीही केला होता. वयाच्या चौदाव्या वर्षी प्रसूत झालेल्या आणि दहा दिवसांत मूल गमावलेल्या या मुलीने पुढे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयात १८८६ साली पदवी मिळवली, तेव्हा तिच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच होता. आजच्या अनुभवाप्रमाणे पोटपट्ट्याचा उपयोग विशेषतः शस्त्रक्रियेनंतर दिसतो. पोटाला आधार मिळाल्याने काही स्त्रियांना उठणे व चालणे कमी क्लेशाचे होते. परंतु पट्टा बांधल्याने पोट कायमचे आत जाते, ही समजूत निराधार आहे. तो इतकाच आवळावा की खोल श्वास सहज घेता यावा. फार करकचून बांधल्यास सारा दाब खाली, आधीच शिणलेल्या स्नायूंवर येतो. रात्री निजताना तो सोडावा, आणि छेदाची जागा ओली किंवा लाल दिसल्यास बांधूच नये.

शस्त्रक्रिया झालेल्या बाळंतिणीस आणखी दोन युक्त्या शिकवून ठेवाव्यात. खोकला, शिंक किंवा हसू येऊ लागले की छेदावर उशी घट्ट धरावी. उठताना सरळ उठून बसू नये. गुडघे दुमडून आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या कोपरावर भार देऊन वर यावे. डॉक्टरांची अनुमती मिळताच पहिल्याच दिवशी कोणाच्या तरी आधाराने चार पावले चालावे. सव्वा महिना बाजेवरून खाली उतरू न देणे ही माया खरी, पण तिने हित होत नाही. याउलट, पंधराव्या दिवशीच डोक्यावर हंडा देणे ही तर क्रूरता होय. विश्रांती म्हणजे निश्चल पडणे नव्हे; विश्रांती म्हणजे बाळाखेरीज दुसरे कोणतेही ओझे न उचलणे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पान्हा भरून येतो आणि छाती दाटते. यावर मुख्य उपाय बाळच आहे. ते मागेल तेव्हा, दिवसा व रात्री, दोन्ही बाजूंना पाजावे. पाजण्यापूर्वी थोडा कोमट शेक घेऊन हाताने थोडे दूध काढले म्हणजे कडकपणा कमी होतो व बाळाला धरता येते. पाजल्यानंतर गार घडी ठेवली म्हणजे सूज व ठणका उतरतो. स्तनाग्रांना चिरा पडत असतील तर बाळाची पकड पाहावी. त्याने नुसते टोक न धरता भोवतालचा काळसर भागही तोंडात घेतला पाहिजे, हनुवटी स्तनाला टेकली पाहिजे. पाठीमागे भिंतीचा व उशीचा आधार, मांडीवर दुमडलेली गोधडी आणि पायांखाली पाट, एवढी मांडणी केली की आईला वाकावे लागत नाही आणि पाठदुखीचे निम्मे कारण नाहीसे होते.

तेलाच्या मालिशीने अंग सैल होते व झोप लागते; शिवाय कोणीतरी आपल्या अंगावरून मायेने हात फिरवीत आहे, हेही औषधाइतकेच मोलाचे. मात्र छेदावर चोळू नये. आणि एकच पोटरी सुजून दुखत असेल तर ती मुळीच चोळू नये, कारण तेथे गोठलेले रक्त सुटून फुप्फुसाकडे जाण्याचा धोका असतो. आहारात नाचणीची भाकरी, पेज, कुळथाचे पिठले, अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू हे सारे योग्यच; पण पाणी तोडणे आणि भाज्या वर्ज्य करणे ही चाल सोडून द्यावी. पाजणाऱ्या आईला तहान अधिक लागते. पाणी व भाजी यांच्या अभावी मलावरोध होतो आणि टाक्यांना त्याचा जाच सोसावा लागतो.

खोकताना किंवा हसताना लघवीचे थेंब सुटतात, ही तक्रार तर स्त्रिया सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत. लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळले जातात ते दिवसातून अनेकदा काही क्षण आवळून सोडण्याचा व्यायाम अमेरिकेतील डॉ. आर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली मांडला. तो सरसकट सर्वांना लागू करण्याची गरज नाही. परंतु ज्यांना ही तक्रार आहे त्यांना त्याचा उपयोग होऊ शकतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बिनऔषधी उपाय म्हणजे औषधाला नकार नव्हे. डॉक्टरांनी दिलेली पॅरासिटामॉलसारखी वेदनाशामक गोळी पाजणाऱ्या आईनेही घेण्यास हरकत नसते, आणि ‘दूध बिघडेल’ म्हणून ती खिडकीबाहेर टाकणाऱ्या घरात बाळंतीण विनाकारण तळमळते. तसेच काही दुखणी घरी शेकत बसण्याची नसतात. तासाभरात घडी चिंब व्हावी इतका रक्तस्राव, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, छेदातून पू, डोळ्यांपुढे अंधारी आणणारी डोकेदुखी, झटके, छातीत कळ किंवा धाप, एका पायाची सूज, छातीवर लाल तापलेला चट्टा व हुडहुडी, यांपैकी काहीही दिसले की १०८ किंवा १०२ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. रात्र आहे, पाऊस आहे, किंवा उद्या आशाताई येणारच आहेत, ही कारणे त्या वेळी पुरेशी नाहीत.

मनाच्या वेदनेलाही हेच लागू आहे. पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणे साधारण आहे. ते दोन आठवड्यांत ओसरते. ते ओसरले नाही, बाळाकडे पाहावेसेही वाटेना, किंवा जीव नकोसा झाल्याचे शब्द तिच्या तोंडून निघाले, तर ‘नजर लागली’ म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळीत बसू नये. रुग्णालयात न्यावे, टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य सल्लाही मिळतो.

आशा सेविका रुग्णालयातील साध्या प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, ती मुख्यतः बाळाचे वजन व ताप पाहण्यासाठी. त्या सहाही दिवशी घरातील कोणीतरी बाळंतिणीला तिच्याशी एकांतात बोलू द्यावे. आणि मुंबईस असलेल्या जावयानेही रोजच्या फोनवर बाळाचे वजन विचारण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : काल रात्री झोप किती झाली, आणि आज कुठे दुखते? उत्तर ऐकून त्याने सासूबाईंना उशी, पाट आणि कोमट पाण्याची आठवण करून दिली, तर त्यात कोणाचाही मान उणावत नाही. मग ‘बाळ-बाळंतीण खुशाल’ हा निरोप पुरता खरा ठरेल.